काश्यप गोत्रातला एझ्रा

बस ना चैत्राली, चहा टाकलाय. पाणी विचारलं नाही म्हणून मनात आणू नकोस, या घरात मी आल्यागेल्याला पाणी देत नाही. का ते सांगते. आधी या पोरीच्या ओठांना तूप लावू दे, एसीने नुसते सोलवटून निघालेत. जा तन्वी, आत बसून चित्र पूर्ण कर.

हं. ताम्हण, पळी, काळे तीळ, दर्भ, सगळं या पिशवीत आहे. दर्भ पुण्याहून आणलेला, बेताने वापरा. तुझ्या विश्वजितला म्हणावं, वडिलांचं तर्पण उद्या बाल्कनीत खुशाल कर. खाली एखादं पातेलं धरा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या आजी तक्रार घेऊन येतील. फक्त एक. तू फोनवर म्हणालीस तसं नीलकंठचं नाव घेऊ नका. मला कळतं गं. इथे टोकियोत, तोयोसूच्या ऑफिसात दोघं शेजारी बसायचे, विश्वजितचा जीव होता त्याच्यावर. मागे मुलगा नाही, तर आपण तरी पाणी द्यावं असं वाटलं तुम्हाला. पण माझ्या नवऱ्याला पाणी देऊ नका. बायको असून मी हे सांगतेय.

गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही योकोहामाला गेलो होतो. तन्वीला जहाजं बघायची होती. तिथे टेकडीवर परदेशी लोकांची जुनी दफनभूमी आहे, आणि आमचं ध्यान नेमकं तिथे शिरलं. नीलकंठला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची फार हौस. येणाऱ्याजाणाऱ्यांना माहिती सांगणारे एक निवृत्त शिक्षक तिथे होते. त्यांनी त्याला एका तडकलेल्या थडग्यापाशी नेलं.

एझ्रा टॉलमन, दीडएकशे वर्षांपूर्वीचा. अमेरिकेत इलिनॉयला, मिसिसिपीच्या काठी बापाचं दुकान. दोरखंड, खिळे, रॉकेलचे दिवे. बाप गेल्यावर दुकान थोरल्याकडे गेलं आणि हा दिव्यांच्या पेट्या घेऊन ऐन पंचविशीत योकोहामाला उतरला. दिवे हातोहात खपले. संध्याकाळी रस्त्याने चालताना दर घरात आपलाच दिवा दिसतो म्हणून खूश व्हायचा म्हणे. आठ-नऊ वर्षांनी गावाकडची मुलगी ठरली, ती पुढच्या बोटीने यायची. आणि त्या उन्हाळ्यात पटकी आली. तेव्हा डॉक्टर पटकीच्या माणसाला पाणी देऊ द्यायचे नाहीत, पाण्याने रोग बळावतो अशी समजूत. त्याला त्याच्याच दुकानामागच्या खोलीत कोंडलं. तो भिंतीवर ठोकत राहिला. पलीकडे नोकर भरलेली बादली घेऊन बसलेला, पण द्यायचं नाही असा हुकूम. ठोकणं थांबलं तेव्हा एझ्राला जेमतेम चौतिसावं लागलं होतं. ती मुलगी आलीच नाही, तिने तिकडेच दुसरं घर केलं. त्याच्यामागे रडायलाही कुणी उरलं नाही.

नीलकंठचे डोळे भरून आले. म्हणाला, "सुचेता, एवढे दिवे विकले आणि पेलाभर पाणी मिळालं नाही गं याला." मी म्हटलं, "चल आता, ट्रेन चुकेल."

सर्वपित्रीला तो बाल्कनीत बसला. पुण्याहून गुरुजी व्हिडिओवर. आजे-पणजे झाले, मामा-काका झाले, आणि शेवटी गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कुणी? मित्र, आप्त?" हा म्हणाला, "एझ्रा." गुरुजी घाईत होते, पुढची दोन घरं खोळंबली होती. "गोत्र?" "माहीत नाही." "मग काश्यप म्हणा. ज्याला गोत्र नाही त्याचं काश्यप." आमचं गोत्र काश्यपच आहे चैत्राली. मी आतून हसले, म्हटलं, झालं, मला एक गोरा आजेसासरा मिळाला. नीलकंठने तीळ घालून ओंजळभर पाणी सोडलं. आणि मग आणखी एक ओंजळ. आणि आणखी एक. गुरुजी म्हणाले पुरे, तरी हा सोडतच होता.

त्याच संध्याकाळी घरात रॉकेलचा वास आला. या घरात शेगडीसुद्धा विजेची आहे. मी खिडक्या उघडल्या, आपल्या उरायासूचा खारा समुद्रवारा आत आला, वास काही गेला नाही.

मग नीलकंठला तहान लागली. आधी मी चिडवलं, साखर तपासून घे म्हटलं. तपासली, साखर ठीक. तो पाण्यावर पाणी प्यायचा आणि ओठ मात्र भेगाळत चालले. जीभ टाळूला चिकटायची, बोलताना चटचट आवाज यायचा. हॉस्पिटलात सलाइन लावलं. बाटलीमागून बाटली रिकामी व्हायची. डॉक्टर भला माणूस, मान खाली घालून म्हणाला, "सुचेता-सान, पाणी आत जातंय. पण कुठे जातंय ते आम्हाला सापडत नाही."

नीलकंठला माहीत होतं. एका दुपारी माझा हात धरून म्हणाला, "सांगू? मी पितो ते माझ्यापर्यंत येतच नाही. मधेच तो घेतो. फार तहानलाय गं."

"अरे, त्याला नाही म्हण की."

"मीच बोलावलंय ना. कसं नाही म्हणू..."

मी गुरुजींना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, दिलेलं पाणी परत मागता येत नाही. ज्याने पाजलं त्याच्याकडेच तो मागणार. मला यावर काही ठाऊक नाही." म्हातारा माणूस रडत होता. मी कुणावर चिडायचं?

जानेवारीत गेला तो. नुसतं वाळकं चिपाड उरलं होतं. शेवटी मी पळीभर गंगाजल तोंडात घातलं. त्याचा गळा हलला नाही, मी डोळ्यांनी पाहिलं. पण घोट घेतल्याचा आवाज आला... पलंगाच्या पलीकडच्या बाजूने. तिथे कुणी नव्हतं. रॉकेलचा वास होता.

त्याचं दहावं पुण्यात धाकट्या दिराने केलं, पण तिलांजली कुणी दिली नाही. गुरुजींनीच अडवलं. म्हणाले, आता हाही तहानलेला गेलाय. जो पाजेल, त्याचं...

चहा घे ना, निवतोय.

ऐकलंस? टक... टकटक. हा आवाज स्वयंपाकघराच्या भिंतीतून येतो. त्या भिंतीपलीकडे घर नाही, आपली बिल्डिंग तिथे संपते, खाली सरळ आठ मजले. रोज दिवेलागणीला. बेल असूनही नीलकंठ दारावर असंच वाजवायचा, ऑफिसातून आला की.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेला भरून उठले होते. मग तन्वीकडे लक्ष गेलं. मी गेले तर या परक्या मुलखात हिला कोण आहे? पेला तसाच बेसिनमध्ये ओतला. आल्यागेल्यासाठीही पेला भरायचं सोडलं, न जाणो मधेच तो घेईल. तेव्हापासून भिंतीपलीकडे नवरा पाणी मागतो आणि मी टीव्हीचा आवाज वाढवते. त्याच्यासारख्या माणसाला, ज्याने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मला माझीच शिसारी येते. पण पोर वाचली ना, एवढं एकच धरून मी जगतेय. तन्वीला यातलं काही कळू दिलेलं नाही. कळलं तर बापाच्या वळणावर जाईल.

थांब... हा नळाचा आवाज आहे का?

"चोत्तो मात्ते, पापा."

तुला जपानी येत नाही अजून. जरा थांबा, म्हणतेय. किती सवयीने म्हणतेय... तन्वी? तन्वी, इकडे ये. काय करत होतीस तिकडे?

"पापांना पाणी. तू टीव्ही लावतेस ना, तेव्हा मी देते. रोज."

ठोकणं थांबलंय...

ये, जवळ ये. उजेडात तोंड कर. आत्ता तर तूप लावलं होतं गं, पुन्हा कशा भेगा पडल्या...

"आई, मला पण दे ना पाणी. मघापासून पितेय. माझ्यापर्यंत येतच नाही."