काचेवरचा आडोसा

शुद्धलेखन चुकेल, ते सांभाळून घ्या. माझी शाळा आठवीत सुटली, भारी शब्द येत नाहीत. दिनेशने सांगितलं तसं साधं लिहितो. आम्ही दोघं एकाच मंडपवाल्याकडे लायटिंगला असतो.

दिवाळी तोंडावर आली होती. मुरबाडच्या साडीच्या दुकानाचे रितेशशेठ, त्यांना दर्शनी काचेवर चालतं चित्र हवं होतं. पणत्या, रांगोळी, वर ‘शुभ दीपावली’. दिनेशचं स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम. त्याने घरगुती प्रोजेक्टर आणला, पण लावून बघायला रस्त्याकडे मोठी काच गावात एकाच घराला. सावळीकाकीच्या. काकी जाऊन आठवडा झाला होता. जिथे जीव गेला तिथे, खिडकीखाली, दहा दिवसांची पणती तेवत होती.

काकीचा मुलगा भगीरथ वाशिंदला कंपनीत असतो. त्या दिवशी तिन्हीसांजेला तो बायकोला घेऊन दहाव्याचं सामान आणायला निघाला आणि दिनेशला घरात बसवून गेला. प्रोजेक्टरचं दिनेशने चाचरत विचारलं, तर लाव म्हणाला, आईला रोषणाई आवडायची.

“फक्त दिवा एकटा सोडू नको रे. वारा आला तर हात आडवा धर. आई तशीच धरायची.”

दिनेशने काचेला आतून बटर पेपर चिकटवला. प्रोजेक्टर मागच्या भिंतीशी स्टुलावर ठेवला. रस्त्यावरून अक्षरं सुलटी दिसावीत म्हणून चित्र उलटं केलं. पण पणतीचा पिवळा उजेड कागदावर पडे आणि चित्र फिकं होई. पाच मिनिटांचा तर प्रश्न, असं म्हणत त्याने तेल तळाला गेलेली पणती उचलली, आत चुलीपाशी नेऊन ठेवली आणि फोन घेऊन बाहेर गेला.

अंधार नुकताच उतरला होता. कापलेल्या भाताचा ओला वास येत होता. काचेवर एकेक पणती लागत गेली, अक्षरं सुलटी उमटली. दिनेश हरखला. व्हिडिओ काढला, लगेच शेठना पाठवला. मग त्याचं लक्ष काचेच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे काळं काहीतरी होतं. कागद सुटला असेल, त्याला वाटलं.

शेताकडून वाऱ्याची झुळूक आली. आधी त्याच्या मानेला लागली. मग काचेवरचं काळं हललं... वाकलेली पाठ, पदर, आणि पुढे हळूच सरकलेला एक तळवा. कशाला तरी आडोसा करणारा.

“आत कोण हाय...?”

काचेवर रांगोळी फिरत राहिली. तळवा तसाच.

तो आत आला. खोलीत कुणी नव्हतं. चुलीपाशी पणती नव्हती. ती खिडकीखाली होती, वात दक्षिणेला, होती तशी. तेल काठोकाठ. दिनेशने प्रोजेक्टरची पिन ओढली आणि वारा नसतानाही हात आडवा धरून भगीरथ येईपर्यंत बसून राहिला.

भगीरथ धावतच आत आला. त्याच्या हातात तेलाची नवी बाटली होती.

“इझला नाय ना रे? घरात तेलाचा थेंब नाय, ते अर्ध्या वाटेत आठवलं. जीव नुसता खालीवर होत होता.”

“नाय दादा,” दिनेश म्हणाला. बाकीचं न सांगता त्याने प्रोजेक्टर उचलला आणि निघाला.

घरी पोचला तोवर शेठचं उत्तर आलं होतं. चित्र मस्त, त्यातली दिव्याला हात धरून बसलेली म्हातारी फार आवडली, तेवढी काढू नको.

दिनेशच्या चित्रात म्हातारी नव्हतीच.

सकाळी त्याने शेठना फोन केला, म्हातारीशिवाय चालेल का म्हणून विचारलं. शेठ म्हणाले, तिच्यामुळेच तर काम देतोय. मग मला जमायचं नाय, दिनेश म्हणाला, आणि पहिलं काम सोडून दिलं. तसाच काकीच्या घरी गेला. पणती हलवल्यापासून सगळं खाली बघत भगीरथला सांगून टाकलं.

भगीरथने पणतीकडे पाहिलं. रात्री तो दिव्यापाशीच भिंतीला टेकून झोपी गेला होता. आणलेल्या बाटलीचं सील अजून तसंच होतं.

“घाल तूच,” तो म्हणाला.

दिनेशने सील फोडलं, बाटली पणतीवर तिरकी केली. पहिल्याच थेंबाला तेल काठावरून जमिनीवर सांडलं.