थांबलेल्या नोंदी

बुधवारी सकाळी रामलिंग हुक्केरींनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला आणि गळ्यावरच्या पट्टीचं बटण अंगठ्यानं दाबलं.

"मीठ कमी आहे," पट्टी म्हणाली.

"डॉक्टरांनीच कमी सांगितलंय, अप्पा," त्यांची मुलगी महानंदा म्हणाली.

"मग डॉक्टरला म्हणावं, तू येऊन खा."

पट्टीचा आवाज बातम्या देणाऱ्या माणसासारखा शुद्ध, गुळगुळीत. त्या आवाजात अप्पांचं मिरजेचं बोलणं ऐकलं की महानंदाला हसू यायचं. दोन वर्षांपूर्वी कर्करोगापायी अप्पांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून ही कंठपट्टी त्यांच्या गळ्यात होती. माणूस मनाशी शब्द जुळवतो तेव्हा गळ्याच्या स्नायूंना बारीक संदेश जातात. पट्टी ते टिपायची आणि बटण दाबलं की बोलून दाखवायची. नाही दाबलं, तर गप्प.

महानंदा ज्युनियर कॉलेजात संगणक शिकवायची. निघताना दारात चपला घालत तिनं वळून पाहिलं, तर पट्टीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. अप्पा काहीतरी म्हणत होते, चांगलं लांबलचक. अंगठा मात्र मांडीवरच होता.

"काय, अप्पा?"

त्यांनी हातानंच 'जा' म्हटलं. तिला उशीर झाला होता. ती गेली.

गुरुवारी पहाटे अप्पा झोपेतच गेले.

पट्टी रुग्णालयाची होती. परत करायची, तिची स्मृती पुसायची आणि यादीतल्या पुढच्या रुग्णाच्या गळ्यात बांधायची, असा नियम. बाराव्या दिवशी दुपारी महानंदा ती घेऊन उपकरण विभागात गेली. तिथं सलमा बारगीर नावाची तंत्रज्ञ बसत असे. अप्पांना ही पट्टी तिनंच बांधली होती.

"पुसायच्या आधी मला त्यातलं वाचायचंय," महानंदा म्हणाली. "न बोललेलंही राहतं ना आत?"

"राहतं की. त्यावरूनच तर ती माणसाची बोलायची ढब शिकते. थांबलेल्या नोंदी म्हणतो आम्ही." सलमानं पट्टी यंत्राला जोडली. "पण ताई, आमचा वाचक, म्हणजे नोंदी वाचणारा प्रोग्रॅम, परदेशातून आलाय. त्याला काही कळत नाही. बघा तुम्हीच."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर टोप्या घातल्यासारखी चिन्हं उमटली. ओळीच्या ओळी. खाली शेरा होता: अर्थशून्य.

"हाच शेरा मारून आम्ही पुसून टाकतो," सलमा म्हणाली. "पाचला पुढची बाई येणार आहे. तीन महिने थांबलीय बिचारी."

साडेतीन झाले होते.

"मूळ नोंद दाखवा."

मूळ नोंद षोडशमान पद्धतीत होती. आपण दहा अंकांनी मोजतो, यंत्रं सोयीसाठी सोळांनी: शून्य ते नऊ, मग ए ते एफ. दोन-दोन चिन्हांची एक जोडी. महानंदानं पहिली ओळ बोट ठेवून वाचली आणि थांबली. ई-शून्य, ए-चार. मग एक वेगळी जोडी. पुन्हा ई-शून्य, ए-चार.

"तुमचा वाचक एका जोडीचं एक अक्षर करतोय," ती म्हणाली. "इंग्रजीला ते पुरतं. आपल्या एका अक्षराला तीन जोड्या लागतात."

"म्हणजे मराठीच आहे ते?"

"मराठीच आहे."

तिनं स्वतःचा संगणक उघडला. काम दोन आज्ञांचं होतं. वर्गात तिनं ते कितीदा शिकवलं होतं. एक ओळ उचलायची, तिच्यातल्या जोड्यांचे बाइट, म्हणजे संगणकाचे आकडे करायचे, बाइटचा मजकूर करायचा. तिनं ते केलं आणि प्रोग्रॅम पहिल्याच ओळीच्या टोकाला अडला. दुसऱ्या ओळीला सुरुवातीलाच. तिसरीलाही तसंच.

"बिघडलंय का?" सलमानं विचारलं.

महानंदानं जोड्या मोजल्या. प्रत्येक ओळीत बरोबर चौसष्ट. चौसष्ट भरले की यंत्र ओळ तोडत होतं, मग अक्षराचं काहीही होवो. एक जोडी वरच्या ओळीत, दोन खालच्या.

"मीच चुकले. एकेक ओळ सोडवून चालणार नाही," ती म्हणाली. "आधी सगळं सलग जोडायला हवं."

तिनं हजारभर ओळी एकीला एक जोडल्या आणि पुन्हा आज्ञा दिली. पडदा मराठीनं भरला.

'आमटी झकास झालीय.' 'पोरगी दमलीय, आज तिला भाकरी टाकायला लावू नये.' 'चष्मा पुसून ठेवलास, बरं केलंस.' 'तू होतीस म्हणून मी निभावलं.' अशा किती तरी. सलमा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली.

"हे का नाही बोलले ओ?"

"आमच्यात घरच्यांचे आभार मानत नाहीत. परकं केल्यासारखं होतं." महानंदानं डोळे पुसले. "मीही कधी मानले नाहीत."

शेवटची नोंद बुधवारची होती.

'नंदा, कॉलेजच्या फाटकासमोर मी पाण्याची चावी फिरवत होतो, तू मैत्रिणींबरोबर आलीस. बाप बघून तू तोंड फिरवलंस, हे तुला इतकी वर्षं डाचतंय, मला ठाऊक आहे. आधी मीच पाठ केली होती. तुझी अडचण होऊ नये म्हणून. मनाला लावून घेऊ नको.'

मग सलमा हळूच म्हणाली, "त्यांनी बटण दाबलं नव्हतं, ताई. आपण वाचलं. चुकलो का आपण?"

"माहीत नाही," महानंदा म्हणाली. "पण मला मिळालं. पुढच्या बाईला मात्र आधी सांगा, हे सगळं आत राहतं म्हणून. त्यांचं त्या ठरवतील."

सलमानं मान हलवली. पावणेपाच झाले होते. तिनं परतीचा अर्ज पुढ्यात ओढला आणि पेन उघडलं.

"आधीच्या अर्जावर नुसतं 'नगरपालिका' लिहिलंय तुम्ही. काम काय करायचे वडील?"

हा प्रश्न महानंदाला शाळेपासून विचारला जात होता. नगरपालिकेत आहेत, एवढंच ती सांगायची, आणि विषय बदलायची.

"व्हॉल्व्हमन होते," ती म्हणाली. तिचा आवाज दारापलीकडच्या बाकावर येऊन बसलेल्या पुढच्या बाईलाही ऐकू गेला असेल. "खांद्यावर लोखंडी चावी घेऊन सायकलवरून गल्लोगल्ली पाणी सोडायचे. एकतीस वर्षं. त्यांच्यामुळे मी शिकले. लिहा सलमाताई, नीट लिहा. मी त्यांची मुलगी."