न नोंदलेली फेरी

ओलेटा स्क्रग्ज आठवड्याचे पाच दिवस मोज्यांच्या गिरणीत तपासनीस होती. पट्ट्यावरून मोजे सरकत यायचे आणि त्यांतला सुटलेला टाका ती हेरायची. शनिवारी ती ब्रशी फोर्कच्या मोटार-रेसच्या ट्रॅकवर असायची. तिथे सुरुवातीच्या रेषेसमोर, आतल्या मैदानात, एक लाकडी मचाण होतं. बाकांच्या चार रांगा आणि समोर मोठं घड्याळ. प्रत्येक गाडीची मोजणारी बाई वेगळी. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळात पाहायचं आणि कार्डावर वेळ लिहायची. दोनशे फेऱ्या, दोनशे नोंदी. अर्ध्या मैलाचा ट्रॅक, एकवीस सेकंदांना एक फेरी.

अकरा वर्षं तिने एकच गाडी मोजली होती. निळी, सदतीस नंबरची, तिच्या नवऱ्याची.

डॉयल वखारीत ओंडक्यांचा ट्रक चालवायचा आणि शनिवारी रेस. शनिवारची रेस म्हणजे खालच्या पायरीची. वखारवाले, गॅरेजवाले, शेतावरचे लोक तिथे धावायचे. वरची पायरी रविवारची. ते ड्रायव्हर टीव्हीवर दिसायचे, शहरात त्यांची नावं लिहिलेल्या टोप्या मिळायच्या. पण त्यांतले काहीजण शनिवारीही खाली उतरायचे. त्यांच्या गाड्या चांगल्या, माणसं चांगली, टायर नवे. यायचे, जिंकायचे, हेलिकॉप्टरने जायचे. कॉय लॅथम त्यांतला सगळ्यात हौशी. लोक त्याला शिव्या द्यायचे आणि त्यालाच बघायला तिकिटं काढायचे.

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टात, एका शनिवारी, डॉयल शेवटच्या नऊ फेऱ्यांना सगळ्यांच्या पुढे होता. जिंकला असता तर त्याचा पहिला विजय. मागे कॉय. त्या वर्षी शनिवारच्या नऊ रेसा कॉयने आधीच मारल्या होत्या. तिसऱ्या वळणावर त्याने डॉयलच्या मागच्या बंपरला टोला दिला. लहानसाच, दाराला कोपर लागावं तसा. निळी गाडी भिंतीवर उभी चढली आणि छपरावर पडली.

दवाखान्यात कॉयने स्वतःचा सही केलेला फोटो पाठवला. हातात त्याच रेसचा चषक. खाली लिहिलं होतं, 'लवकर बरा हो, गड्या. पुढच्या वेळी वाट दे.'

डॉयल जगला. मानेखाली काहीच उरलं नाही. मानही दोन्हीकडून उशा लावून ठेवायची, नाहीतर डोकं कलायचं. आवाज कुजबुजीएवढा. पुढच्या अंगणाकडच्या खोलीत त्याची खाट होती, आणि शनिवारी त्याची बहीण लुरलीन येऊन बसायची.

एप्रिलमध्ये रेसा सुरू झाल्या तेव्हा मोजणाऱ्या बायकांची प्रमुख, मिस एस्टेल (तिकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणत), ओलेटाच्या घरी आली. पायरीवरच उभी राहून म्हणाली, "कॉय लॅथमची गाडी त्याची बहीण मोजते. ती आपल्या असल्या ट्रॅकवर येत नाही म्हणे. मोजणारी नसेल तर गाडी धावू देता येत नाही. त्याने तुझं नाव घेतलंय."

"माझं?"

"'जिची एकही फेरी कधी चुकली नाही ती बाई द्या,' म्हणाला. हसत होता मेला. मी सांगते त्याला, ती नाही येणार म्हणून."

"नको," ओलेटा म्हणाली. "मोजते मी."

का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या माणसाला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं, एवढंच.

पहिल्या रेसमध्ये साठ फेऱ्या व्यवस्थित लिहिल्या गेल्या. कॉय सगळ्यांत पुढे होता. एकसष्टाव्या फेरीला त्याची लाल गाडी आली नाही. दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. ओलेटाने पेन्सिल टेकवून ठेवली. मग लाल गाडी आली, चौथ्या वळणातून, नेहमीच्या वेगाने. बेचाळीस सेकंद झाले होते.

तो थांबला नव्हता. आत टायर बदलायला वळला नव्हता. कुठे घसरला नव्हता. आसपासच्या बायकांना विचारलं, तर ज्या त्या आपापल्या गाडीकडे बघत होत्या. रेस कॉयनेच मारली असं सगळ्यांना वाटत होतं, पण कार्डावर एक फेरी कमी, म्हणून तो चौथा आला.

मचाणाची शिडी चढून तो वर आला. हेल्मेट काखेत.

"गिरणीतही असंच करता का, मिस ओलेटा? एका पायाचा मोजा गायब?"

"गाडी आली नाही."

"मी तर तिच्यातच बसलो होतो," तो म्हणाला. बायका हसल्या. पण तो स्वतः हसला नाही, हे तिने पाहिलं. मानेवरचा घाम पुसत तो तिसऱ्या वळणाकडे बघत राहिला.

त्याच्या मागोमाग धावणारा म्हातारा ड्रायव्हर नंतर उकडलेल्या शेंगांच्या गाड्यापाशी सांगत होता, "वळणात शिरला तेव्हा माझ्या पुढे होता. मी बाहेर पडलो तर पुढे कोणीच नाही. मला वाटलं, कुंपणावरून उडाला."

ओलेटा घरी आली तेव्हा डॉयलचा सदरा घामाने भिजला होता. लुरलीन तो बदलत होती.

"दुपारी एकदम गप्प झाला गं. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ देईना. अर्धा मिनिटही नसेल. मी घाबरलेच."

"डुलकी लागली होती," डॉयल कुजबुजला. अपघातानंतर प्रथमच तो हसत होता. ओलेटाने कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

मे महिन्यात कॉय पुन्हा आला, त्या रेसला मिस एस्टेल स्वतः ओलेटाच्या शेजारी बसली. दोघींनी एकाच गाडीवर नजर ठेवली. सत्तेचाळिसाव्या फेरीला गाडी तिसऱ्या वळणात शिरली, झाडांच्या सावलीतून गेली आणि चौथ्या वळणातून बाहेर आली नाही. मधे दीडशे पावलांचा डांबरी रस्ता, एका बाजूला भिंत, दुसरीकडे उघडं मैदान. लपायला कुत्र्यालासुद्धा जागा नाही. पुढच्या फेरीला ती परत आली. त्या दुपारी असं तीनदा झालं.

मिस एस्टेलने कार्ड ओढून घेतलं आणि रिकाम्या तीन रकान्यांत स्वतःच्या हाताने वेळा लिहिल्या.

"मी काही पाहिलं नाही. तूही नाहीस. या वयात लोकांकडून वेडी म्हणवून घ्यायची नाही मला."

कॉय जिंकला. गाडीतून उतरायला त्याला दोघांनी हात दिला. त्याचे लोक टायरांभोवती उभे होते. वीस फेऱ्यांपूर्वी घातलेले नवे टायर आतल्या दोऱ्यांपर्यंत झिजले होते. आणि सकाळी गुळगुळीत दाढी करून आलेल्या कॉयच्या गालांवर दोन दिवसांचे खुंट होते.

जूनमध्ये तो रेसच्या तासभर आधी मचाणावर आला. ऊन रणरणत होतं, बायका अजून यायच्या होत्या. ओलेटा एकटीच पेन्सिली तासत बसली होती. तो खालच्या बाकावर बसला. कानांवरचे केस पांढरे झाले होते. सहा आठवड्यांत माणूस एवढा उतरलेला तिने पाहिला नव्हता.

"तुम्हाला माहीत आहे ना, मी कुठे जातो ते?"

"नाही."

"इथेच असतो. याच ट्रॅकवर. पण स्टँडमध्ये कोणी नसतं, बाकीच्या गाड्या नसतात. पहिल्यांदा एकच फेरी होती. मग शंभर मोजल्या. शेवटच्या वेळी मोजायचं सोडून दिलं. पेट्रोलचा काटा हलत नाही. पाय पेडलवरून उचलवत नाही. पुढे एकच गाडी असते." तो थांबला. "निळी. सदतीस."

ओलेटाने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"मी तिला ठोकतो. दर फेरीला, त्याच वळणावर. फिरत नाही ती. बाजूला होत नाही. मलाही बाजूने पुढे जाता येत नाही."

"मग परत कसे येता?"

"तुमच्यामुळे. त्या रिकाम्या ट्रॅकवर या मचाणावर तुम्ही असता. एकट्या. मान खाली घालून. कधीतरी तुम्ही वर बघता, आणि मी इकडे येतो." त्याने ओठ ओले केले. "आज खाली बघू नका. माझ्यावरून नजर काढू नका, एवढंच सांगायला आलो."

"शनिवारचं सोडून द्या. तुमचा रविवार आहे की."

"वखारीतल्या ट्रक ड्रायव्हरच्या मागे राहून? त्याच्याकडून हरलो आणि पळालो, असं?" जुना कॉय क्षणभर परत आला. "एकदा पुढे निघालो की संपलं. आज निघणार."

मग तिने विचारलं, "त्याला एकदा भेटायला आला असतात तर? दहा मैलांवर घर आहे. काही बोलायचं होतं का तुम्हाला त्याच्याशी?"

"माफी मागू म्हणता?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "अहो, टेकवली फक्त गाडी. सख्ख्या भावाला याहून जोरात ठोकलंय मी. त्याला गाडी सांभाळता आली नाही. तेव्हा नसती ठोकली तर पुढच्या फेरीला ठोकली असती. जिंकणारा नव्हताच तो."

तो शिडी उतरून गेला. उतरताना पुन्हा म्हणाला, "वर बघा हं."

त्र्याहत्तराव्या फेरीला लाल गाडी तिसऱ्या वळणात शिरली.

ओलेटाने मान खाली घातली. घातली म्हणजे ठरवून घातली. कार्ड मांडीवर होतं, त्याच्यावर दोन्ही हात ठेवले आणि स्वतःच्या नखांकडे बघत बसली.

बाकीच्या गाड्या रेषेवरून गेल्या. मचाण थरथरलं. मग आवाज लांब गेला.

"ओलेटा," मिस एस्टेल हळू म्हणाली, "परत नाही आली."

तिने नखांकडे बघितलं.

तेवढ्यात एक गाडी अगदी जवळ आली. बाकीच्या तर ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला होत्या. हिचा आवाज समोर, रेषेवर. वेग कमी झाला. मचाणाखाली घुटमळावी तशी ती गुरगुरत राहिली. तापलेल्या रबराचा वास आला. कोणीतरी आपल्याकडे बघत आहे, हे ओलेटाला टाळूवर ऊन लागावं तसं कळलं.

"ओलेटा, वर बघ ना गं," मिस एस्टेलच्या आवाजात रडू होतं.

तिने बघितलं नाही.

गाडीने वेग घेतला. आवाज पहिल्या वळणाकडे गेला, दुसऱ्या, आणि विरला.

दहा फेऱ्यांनी लाल झेंडा दाखवून रेस थांबवली. भिंत तपासली, कुंपण तपासलं, मागच्या पाइनच्या रानात माणसं पाठवली. शेरीफ आला. डांबरावर घसरल्याची खूणसुद्धा नव्हती. कॉय लॅथमचं हेलिकॉप्टर मैदानात उभं होतं, त्याचा वैमानिक घड्याळ बघत होता. ओलेटाला विचारलं तेव्हा तिने बहात्तर नोंदींचं कार्ड दिलं आणि म्हणाली, "यापुढे माझ्यासमोरून गेली नाही."

घरी जाताना तिने गाडीची काच खाली घेतली. डॉयलला काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवत होती. तो अडकला म्हणावं, कायमचा. आणि तुझ्या मागे. तुझ्या मागेच राहणार आता. ती मोठ्याने हसली. आपण हसतोय हे तिला दोन मैलांनी कळलं.

पाच वाजले होते. लुरलीन अंगणातच धावत आली. रडत होती, पण आनंदाने.

"अगं, तो हलला! मान हलली! डॉक्टर मेबरींना बोलावलंय, आत आहेत."

डॉयल डोळे सताड उघडे ठेवून पडला होता. बुबुळं डावीकडे सरकलेली. सदरा, चादर, उशा, सगळं भिजलेलं. ओलेटा त्याच्या तोंडावर वाकली.

"डॉयल. मी आले. ऐकतोयस ना? डॉयल!"

तो तिच्याकडे बघत नव्हता. बुबुळं समोर आली, थोडा वेळ समोर राहिली, पुन्हा डावीकडे गेली. आणि त्याचं डोकं उशांमधून पुढे झटकलं, पाठीमागून कोणी टोला द्यावा तसं.

"बघितलंस?" लुरलीनने टाळी वाजवली.

ओलेटा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सेकंदकाटा फिरत होता. एकवीस. डोकं झटकलं. एकवीस. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी रविवारी पहाटे ती ट्रॅकवर गेली. फाटकावरून चढली, मचाणावर जाऊन बसली. मान खाली घालायची, वर बघायचं. खाली, वर. हाका मारल्या, आधी नवऱ्याला आणि मग त्या दुसऱ्यालाही. ऊन चढलं. वाऱ्याने कागदी पेले ट्रॅकवरून घरंगळत होते. चौथ्या वळणातून काही आलं नाही. दुपारपर्यंत तिच्या घशातून आवाज निघेनासा झाला.

ती घरी परतली तेव्हा डॉक्टर खाटेपाशी बसले होते. डॉयलच्या मानेच्या मागे त्यांनी दोन बोटं टेकवली होती. लुरलीनने गोड चहाचा पेला त्यांच्या हाती दिला.

"हात लावू नका त्याला, उठवूही नका," ते म्हणाले. "नस जागी होतेय, मिस ओलेटा. काल नुसतं हलत होतं. आज बघा," आणि डोकं पुढे झटकलं तसं त्यांनी समाधानाने मान डोलावली, "दर वेळी जोर वाढतोय."