भुशाच्या पेटीचं प्रकरण

"पुन्हा! पुन्हा केलं!"

मामाची आरोळी सुतारखान्यातून थेट स्वयंपाकघरात पोचली आणि सुट्टीला आलेली दोन भाचरं हातातली बिस्किटं टाकून धावली. पुढे ताई, मागे तिचा धाकटा भाऊ शंकासुर. (त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात सुरक्षित होतं, घरी ते कुणाला फारसं आठवत नसे.) दोघांच्याही पुढे मामाची मुलगी पिटुकली, कारण आरोपी तिची होती.

आरोपी म्हणजे मालकीण. राखाडी मांजर. सुतारखान्यात अशी फिरायची, की मामा तिच्याकडे नोकरीला आहे असं वाटावं! कोपऱ्यात तिच्यासाठी भुशाची पेटी होती. मालकीण पेटीत जायची, उरकायची आणि वर भुसा इतका बेमालूम ओढायची, की भल्याभल्या पुढाऱ्यांनी प्रकरणं झाकायला तिची शिकवणी लावावी. पण हल्ली पेटीच्या काठाशी शी उघडीच दिसू लागली होती. आणि आज तर गिऱ्हाइकाच्या कोऱ्या कपाटात, खालच्या खणात!

"आणखी एकदा असं झालं, तर हिची रवानगी टेम्पोतून थेट बाजारात!" मामा म्हणाला. "बसू दे तिथे उंदीर मारत!"

पिटुकलीचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, तिने नसेल केली!"

"मग काय मी केली?"

यावर हसण्याची कुणाची हिंमत झाली नाही.

फळ्यांच्या थप्पीमागे तातडीची बैठक भरली.

"मांजरं झाकतात कशाला?" शंकासुराने सुरुवात केली.

"वास लपवायला. एवढंही कळत नाही?" ताई म्हणाली.

"मग जी झाकत नाहीत, ती?" इथे त्याने आवाज खाली आणला. "वाचनालयातल्या पुस्तकात होतं. दादागिरी करणारी काही मांजरं मुद्दाम उघडी ठेवतात. 'ही हद्द माझी' अशी पाटीच ती!"

"म्हणजे हे काम दादाचं!" पिटुकली म्हणाली.

"कानफाट्या!" तिघं एकदम म्हणाली.

कानफाट्या हा समोरच्या भिंतीवरचा तांबूस बोका. त्याच्याविरुद्ध पुरावा काहीच नव्हता. पण फाटका कान, मळकं अंग आणि जाडाभरडा आवाज! एवढ्यावर माणसांनाही लोक चोर ठरवतात, तिथे बोक्याची काय कथा?

त्याला पकडायला ताईने मोठी योजना आखली होती: दोरी, खोका, काठी, शिट्टीची खूण. त्यातलं काहीच लागलं नाही. खोक्यात साय ठेवली आणि तो आपण होऊन आत शिरला. त्याला आजवर कुणी काही खायला दिलंच नव्हतं!

"कपाटाबरोबर बोका फुकट का?" कपाट न्यायला आलेले टेम्पोवाले काका हसले.

"काका, याला लांब बाजारात सोडा. फार दुष्ट आहे तो!" पिटुकली म्हणाली.

टेम्पो वळणाआड गेला. खोक्यातून एकदा जाडाभरडा आवाज आला, मग तोही नाही. तिघांनी टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीच्या काठाशी पुन्हा तेच. उघडं!

पिटुकलीने घाईघाईने त्यावर भुसा ढकलला, म्हणजे मामाला दिसू नये. "कानफाट्या परत आला?"

"बाजारातून? रातोरात?" ताई म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

शंकासुर पेटीपाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "आपण कुणी काही पाहिलंच नाही. नुसतं ठरवून मोकळे झालो."

म्हणून पुढच्या सकाळी तिघं थप्पीमागे दबा धरून बसली. मालकीण आली. तिने पेटीत एक पाय ठेवला आणि निखाऱ्यावर पडावा तसा झटकला. मग चारही पाय काठाशी कसेबसे गोळा करून तिने उरकलं. झाकायला पंजा उचलला, भुशापर्यंत नेला आणि तसाच मागे घेतला. उडी मारून बाहेर आली आणि पंजा चाटत बसली.

पिटुकलीने तो पंजा हळूच उलटा केला. तळव्याच्या मऊ गादीवर बारीक, लाल चिरा.

शंकासुराने मूठभर भुसा कागदावर पसरला. त्यात काहीतरी चकाकत होतं. काचेसारख्या धारदार कपच्या!

"छट्! भुसा तो भुसा!" तो कागद पाहून मामाने भुशाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. "बघ, काही होतंय का?"

काय होणार? जन्मभर रंधा मारलेला हात तो, खिळेही त्याला बिचकून असत. शंकासुराने मान डोलावली.

"खरंय मामा. तुझ्यासारख्या अस्सल सुताराला काय टोचणार! तू तर यात अनवाणी नाचशील!"

"नाचेनच की!" मामाने भुसा जमिनीवर ओतला, चपला काढल्या आणि नाच सुरू केला. तिसऱ्या ठेक्याला, "आई गं!"

एका पायावर उड्या मारता मारता त्याच्या डोक्यात उजेड पडला. पूर्वी इथे नुसतं लाकूड कापलं जाई. नवं मशीन आल्यापासून फळ्यांवर चकचकीत लॅमिनेट चिकटवायचं, त्याच्या कडा घासायच्या. कपच्या उडायच्या, मामा सगळं एकत्र झाडायचा आणि तेच पेटीत भरायचा. मालकीण पाय टेकवू शकत नव्हती, आणि शेवटी न टोचणारी जागा शोधत कपाटात गेली होती!

मामाने तिला मांडीवर घेतलं. "रोज ओरडलो गं तुझ्यावर. पण पाय उचलून नाही बघितला."

मामीने पंजा धुतला, पेटीत मऊ वाळू भरली. बऱ्याच दिवसांनी मालकिणीने नीट झाकलं! "शाबास रे पोरांनो! या घरात डोळे फक्त तुम्हालाच आहेत," मामी म्हणाली, आणि मामाने मान खाली घालून ते कबूल केलं.

टेम्पोवाले काका आले, त्यांनीही पाठ थोपटली. "वा! मांजर वाचवलंत आणि त्या बोक्याचाही बंदोबस्त केलात!"

ताईने काकांचा हात पाठीवरून बाजूला केला.

"काका," ताई म्हणाली, "आम्हाला बाजारात न्याल? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही."

बाजार आवरत आला होता. काकांनी रिकाम्या खोक्यांच्या ढिगापाशी टेम्पो थांबवला. "इथंच सोडला त्याला. मी निघेपर्यंत चाकाजवळ बसून होता."

तिघांनी हातगाड्यांखाली पाहिलं, पोत्यांमागे पाहिलं. तीन वेगळेच बोके सापडले. फाटक्या कानाचा नव्हता.

"हाक मार ना!" पिटुकली रडवेली झाली.

शंकासुराने तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला. कानफाट्या हे नाव त्यांचं आपसातलं. बोक्याने त्यांच्या तोंडून एकच शब्द रोज ऐकला होता:

हड्!