बाबांनी मफलर काढला तेव्हा

ताईच्या लग्नात फुलांची टोपली घेऊन मी वळले आणि थेट फोटोवाल्यावर धडकले. त्याने आधी कॅमेरा सावरला, मग मला.

"आधी कॅमेरा?" मी फणकारले.

"तो उसना आहे हो. आणि तुम्ही..."  त्याचे कान लाल झाले.

त्याच्या नखांत निळा रंग होता. दिवसभर तो वर्कशॉपमध्ये बसगाड्या रंगवायचा, सुट्टीच्या दिवशी फोटो काढायचा.

सगळे ओळीत उभे राहिले, तेव्हा त्याने विचारलं, "नवरीचे वडील?"

 ताईने मान खाली घातली.

बाबा आतल्या खोलीत दार लावून बसले होते. जन्मभर लोकांचे चेहरे हातात धरलेला न्हावी तो! पण दुखण्यात निम्मा जबडा काढावा लागला, आणि तेव्हापासून नाकापर्यंत मफलर. घरातले आरसेही त्यांनीच उतरवले.

लग्नाचे फोटो द्यायला तो आला, तोवर बाबांविषयी त्याच्या कानावर आलं होतं. तो दाराशी थांबला नाही. आत जाऊन बाबांसमोर बसला.

"काका, दाढी करून द्याल?"

 बाबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले... मग उठले आणि ट्रंकेतला वस्तरा काढला.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. बाबांचे शब्द मफलरमध्ये अडखळायचे, मलाच कळायचे. त्यामुळे मी मध्ये उभी राहून सांगायची.

"बाबा म्हणतात, माणसाचे दोन्ही गाल कधी सारखे नसतात. उजेड कुठल्या गालावर घ्यायचा ते आधी बघ."

"आणि?"

"तुमची हनुवटी हट्टी आहे."

"ते एवढंच नाही म्हणाले. बरंच बोलले."

"बाकीचं तुमच्या कामाचं नाही," मी म्हणाले आणि पाणी आणायला पळाले. बाबा म्हणाले होते, पोराचे डोळे खरे आहेत. आणि ते सारखे तुझ्याकडे वळतात.

एका सकाळी दाढी झाल्यावर बाबांनी वस्तरा पुसला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि स्वतःच मफलर सोडला. मी पुढे धावले. त्याने नुसता हात वर करून मला थांबवलं.

"काका, थोडं उजेडाकडे..."

बाबांनी मान वळवली. घाई नव्हती, लाज नव्हती. त्याने एकच फोटो काढला. मग खिशातून रुमाल काढून बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत राहिला. पुसण्यासारखं काचेवर काही नव्हतं.

फोटो हातात आला, तेव्हा बाबांनी वाकड्या गालावरून बोट फिरवलं. "हा मीच की," ते म्हणाले. या वेळी मला सांगावं लागलं नाही. त्यालाही कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाबा उघड्या चेहऱ्याने ताईच्या सासरी गेले. ताई दारातच त्यांच्या गळ्यात पडून रडली. आमच्या भिंतीवर लावलेला तो फोटो बघून मग एकेक जण त्याला विचारू लागला, आमच्याही घरी याल का? कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाच्या भावाचा चेहरा भाजलेला. त्याच्या सुट्ट्या पुरेनात. वर्कशॉपच्या साहेबाने बजावलं: रंग तरी कर, नाहीतर फोटो तरी.

"आई म्हणते, अक्कल गहाण टाकलीस का?" आमच्या पायरीवर बसून तो म्हणाला. "रंगावर पोट भरतं. चेहऱ्यांचं काय सांगावं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला... दुसरं काही करावंसंच वाटत नाही."

"मग सोडा नोकरी. माझं शिलाई मशीन आहे. दोघांचं भागेल."

बोलून गेले आणि जीभ चावली. शेजारच्या नळावरची बादली भरून वाहत होती. कुणालाच तिचं भान नव्हतं.

आज त्याचे केस पांढरे झालेत. बाबा जाऊनही किती वर्षं लोटली. त्याच्या हातांनी किती चेहरे टिपले, त्याला गणती नाही. पण त्या दुपारी त्या हातांची नखं अजून निळीच होती.

"दोघांचं?" त्याने हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले. "दोघांचं."