गळ्यातला देव

"शपथ घे, इरू! माझ्या पायाची न्हाई, गळ्यातल्या देवाला हात लावून घे!"

कल्याणरावांचा आवाज ओसरीवरून कडाडत आला आणि त्यांच्या बायकोच्या, शिवकांतेच्या हातातली भाकरी तव्यावर न पडता चुलीच्या काठावर पडली... दारात बैलगाडी जुंपून तयार होती, ट्रंकेवर दोर आवळला होता, म्हाळू गाडीवान तिसऱ्यांदा "चला की वो!" म्हणून ओरडला होता, आणि इकडे धारूरच्या पेठेतल्या त्या कापडवाल्याच्या घरात दोघे भाऊ असे समोरासमोर उभे होते, जणू धाकटा विलायतेला नाही, फासावर निघाला आहे!

वीरभद्र, घरच्यांचा इरू, खरोखरच विलायतेला निघाला होता हो! पहिलं महायुद्ध तेव्हा अजून दोन वर्षं लांब होतं. आगगाडीसुद्धा ज्यांनी पाहिली नव्हती अशा त्या गावात हैदराबादेहून उर्दू खलिता आला, मौलवीसाहेबांनी तो चारदा वाचून दाखवला, तेव्हा कुठे लोकांना पटलं, की निजाम सरकारनं आपल्या इरूला डॉक्टरी शिकायला वजिफा दिला आहे. खलित्याची शेवटची ओळ मात्र सुरीसारखी होती. येत्या शनिवारी मुंबईहून जहाज सुटेल. जो हजर नसेल त्याचा वजिफा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल.

आज सोमवार होता.

"दादा, उशीर होतोय..."

"होऊ दे! समुद्र वलांडला की माणूस कुणाचा ऱ्हात न्हाई. ज्या दिशी ह्यो देव गळ्यातून सुटंल, त्या दिशी ह्या घराचं दार तुला बंद. बोल!"

त्या घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात, बायांच्यासुद्धा, लहानपणी गुरूनं बांधलेलं इष्टलिंग असे. रेशमी फडक्यात गुंडाळलेलं, छातीशी लागलेलं. ते मरेपर्यंत सुटायचं नाही, मेल्यावरही सोबत मातीत जायचं. आणि चुकून हरवलंच, तर गुरूनं आपल्या हातानं नवं बांधेपर्यंत अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही!

वीरभद्रानं छातीवर हात ठेवला. "घेतली शपथ, दादा."

शिवकांतेचा जीव गलबलून गेला. तेराव्या वर्षी ती या घरात आली, तेव्हा हा पाच वर्षांचा आईवेगळा दीर दाराआडून तिच्याकडे टुकुटुकु बघत होता. त्या दिवसापासून तिनं त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, आणि आपल्याला मूल नाही याचं दुःख त्याच्या केसांवरून हात फिरवता फिरवता गिळून टाकलं... आता पंधरा वर्षांनी शिवानं कृपा केली होती. चौथा महिना चालू होता! गेवराईच्या आईनं माहेरपणाला बोलावलं होतं, म्हणून ती त्याच्याच गाडीत तिथवर जाणार होती.

आणि तो प्रवास! वडवणीच्या अलीकडे गाडीचा आखच मोडला. मंगळवारी लोहारापुढे मोडक्या गाड्यांची रांग लागलेली. वीरभद्र घड्याळ काढून काढून बघे, तसा लोहार आणखीच निवांत होई.

"विलायतेला चाललाव म्हनं?"

"हो, हो! लवकर करा ना!"

"मंग तितं जाऊन आखाचंबी शिकून या," लोहार म्हणाला. "तवर मी हाईच हितं."

म्हाळू पोट धरून हसला. शिवकांताही पदराआड हसली. शेवटचंच हसली ती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

बीडच्या नाक्यावर शिपायानं ट्रंक उघडायला लावली. गावच्या शिंप्यानं आयुष्यात पहिल्यांदाच शिवलेली विलायती विजार बाहेर काढून त्यानं उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ये क्या है मियाँ, बैल की झूल?" सगळं पुन्हा कोंबेपर्यंत बुधवारची दुपार कलली, आणि ते सिंदफणेच्या काठावर पोचले तेव्हा समोर नदी नव्हतीच... तांबडं, फुगलेलं, गरगरणारं पाणीच पाणी!

पल्याडच्या काठावर गेवराईहून आलेला शिवकांतेचा भाऊ आप्पाराव दमणी, म्हणजे हलकी, वेगवान बैलगाडी घेऊन उभा होता. ती दमणी आत्ता निघाली तरच उद्या रात्रीची जालन्याची आगगाडी मिळणार होती. म्हाळूची गाडी काही पाण्यात घालता येईना. शेवटी शहादेव कोळ्यानं वाळल्या भोपळ्यांवर बांबू बांधलेली आपली सांगड पाण्यात लोटली. ट्रंक मधोमध, एका अंगाला दीर, एका अंगाला भावजय.

"हालू नगा, मालक! गंगेत गेलेलं सरकारला बी घावत न्हाई!"

ऐन मध्यावर एक वाहतं बाभळीचं झाड सांगडीला घासलं. ट्रंक कलली... ट्रंकेत खलिता, कागद, सारं आयुष्य! वीरभद्र तिच्यावर पालथा पडला, दोराशी झटला, ट्रंक वाचली. काठावर उतरल्यावर त्यानं ओला सदरा झटकला, छातीकडे हात नेला आणि हात तिथेच थिजला.

गळा उघडा होता!

"वैनी..." त्याचा आवाज पाच वर्षांच्या पोरासारखा झाला. "वैनी, देव गेला माझा..."

तो वाळूत मटकन बसला. आप्पारावानं पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यानं तोंड फिरवलं. "न्हाई. आता पाणीसुद्धा न्हाई. मी माघारी फिरतो. धारूरला आपल्या गुरूकडं, स्वामींकडं जातो, दादाच्या पायावर पडतो."

"अरे, दोन दिस जायला, दोन यायला! जहाज काय तुझ्यासाठी थांबतंय व्हय?" आप्पाराव ओरडला.

"मंग न्हाई जात! दार बंद झालं की माझं, मामा! ज्या घरातून निघालो तेच न्हाई ऱ्हायलं, तर कुनासाठी डॉक्टर व्हायचं?"

शिवकांता त्याच्याकडे बघत राहिली. रात्र रात्र दिव्याखाली बसून लाल झालेले ते डोळे, ते हाडकुळे खांदे... आणि शनिवार तीन दिवसांवर! तिच्या हृदयात काय उसळलं ते कोण सांगणार? तिनं फक्त पदर खोचला.

"तू हितंच थांब. मी बघून येते. काठाला लागलं आसंल."

काठाकाठानं ती दूर गेली, झुडपांच्या आड. तिथे कुणी नव्हतं. तिनं आपल्या गळ्यातला दोरा सोडला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिची छाती रिकामी झाली, आणि तिला वाटलं, आपण आत्ता, इथे, उभ्या उभ्या मेलो... "देवा महादेवा, पाप माझ्या माथी घाल. त्याच्या नगं, अन् ह्या पोटातल्याच्या बी नगं." पदराची चिंधी फाडून तिनं तो देव चिखलात बुडवला, चिंधीत बांधला, आणि पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून ती पळत पळत परत आली.

"घावला रे, इरू! घावला! फडकं पार फाटलंवतं, म्हून टाकून दिलं. घाल लौकर!"

तो लहान मुलासारखा हुंदके देत हसला. तांब्याभर पाणी घटाघटा प्याला. ती त्या पाण्याकडे बघत होती.

"चल, अक्का, बस दमणीत. आईनं पुरन घातलंय तुझ्यासाठी."

"मी माघारी जाते, आप्पा."

"आँ? माहेर दोन कोसावर आलं अन् माघारी कावून?"

"जीव घाबरा झालाय पान्यानं. ह्यांच्याजवळ बरं वाटंल मला." तिनं वीरभद्राच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा. मागं बघू नगंस."

आणि त्यानं पाहिलं नाही! दमणी चिखल उडवत गेली, तो जालन्याला पोचला, गाडी सुटता सुटता धावत डब्यात चढला, शनिवारी जहाजावर पाय ठेवला. तो पोचला... पण त्याची वहिनी?

दोन दिवस! शहादेवाच्या सांगडीनं ती पुन्हा अल्याड आली आणि दोन दिवस म्हाळूच्या गाडीत ओठ मिटून बसली. म्हाळू विनवून विनवून थकला. "बाई, घोटभर पानी तरी घ्या. पोटुशी बाई तुमी!" ती नुसती मान हलवी. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली. शुक्रवारी संध्याकाळी गाडी दारात थांबली आणि उतरता उतरता तिच्या ओटीपोटात अशी कळ उठली, की ती उंबऱ्यावरच कोसळली. पदर सुटला.

कल्याणराव धावत आले आणि जागीच थबकले. "देव कुठाय तुझा?"

"हरवला," ती पुटपुटली. "नदीत... माझ्या चुकीनं."

खरं सांगितलं तर इरूचं दार बंद. म्हणून एवढंच!

दिवे लागायच्या आत मूल गेलं. दुसऱ्या दिवशी मठातून स्वामी आले, नवं लिंग बांधलं, तेव्हा कुठे तिच्या घशाखाली पाणी गेलं. पण कल्याणरावांचं मन दगड झालं होतं. "जिला गळ्यातला देव सांबाळता आला न्हाई, तिला पोटातलं काय सांबाळता येनार?" ते वाक्य साऱ्या आळीनं ऐकलं! त्या दिवसापासून तिला चूल बंद, देवघर बंद. छबुबाई नावाची दूरची आत्या स्वयंपाकाला आली आणि शिवकांतेचं ताट मागच्या पडवीत सरकवताना रोज न चुकता म्हणू लागली, "खा बाई, खा. खायाला तरी इसरू नगंस."

दसरा गेला, दिवाळी गेली. नवरा समोरून जाई, पण नजर वर करत नसे. कधी कधी तिला वाटे, ओरडून सांगावं सगळं! मग तिला तो वाळूत बसलेला पोर दिसे आणि ती ओठ आवळून घेई.

कार्तिकात एडन बंदराचा शिक्का असलेलं, वाटेत रखडलेलं पाकीट दुकानात आलं. कल्याणरावांनी ते गादीवर बसूनच फोडलं.

"दादास दंडवत. जहाजावर चढेतो धावपळीत फडकं न सोडताच पूजा केली. पहिल्या निवांत सकाळी देव तळहातावर घेतला, आणि ओळखला. याच्या डाव्या अंगाला टवका आहे. मी सहा वर्षांचा असताना वहिनीच्या पूजेत लुडबुड केली, तेव्हा माझ्याच हातून पडला होता. दादा, माझा देव सिंदफणेत गेला. हा वहिनीचा आहे. तिनं मला खोटं सांगितलं आणि मी पाणी प्यालो. तिनं ते किती दिवस सोडलं असेल, या विचारानं मला झोप येत नाही. शपथ मोडली आहे. मी परत येणार नाही, दार उघडायला सांगणार नाही. फक्त वहिनीला काही बोलला असाल, तर..."

पुढचं त्यांना दिसेना. भर बाजारच्या दिवशी, गिऱ्हाइकं बसलेली असताना, कल्याणराव अनवाणी घराकडे धावले!

ती पडवीत जोंधळे निवडत होती. ते समोर येऊन बसले, जमिनीवर, आणि पत्र तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं. पण अक्षराचं वळण तिनं ओळखलं.

"इरूचं हाय? बरा हाय न्हवं त्यो?"

"त्याला समजलंय," ते कसेबसे म्हणाले. "अगं, कावून न्हाई सांगितलंस? एकदा... एकदा तरी..."

"तुमी इचारलं कुठं?" ती शांतपणे म्हणाली. "कुठाय म्हून इचारलंत. कसा गेला, ते न्हाई इचारलंत."

कल्याणरावांनी तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि तो धिप्पाड पुरुष लेकरासारखा रडला. "माझं लेकरू मीच मारलं... माझ्या शपतंनं मारलं..." तिचा हात त्यांच्या पाठीवर जाईना. कितीतरी वेळ तो सुपातच राहिला. आणि मग तिच्या डोळ्यांतून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पाणी आलं.

"त्याला लिवा," ती म्हणाली. "दार उघडं हाय म्हून लिवा."

"लिवतो. आत्ता लिवतो."

लिहिलं. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले. छबुबाई "अरं, अरं!" करत राहिली, त्यांनी तिला बाहेर घालवलं, चूल फुंकून फुंकून डोळे लाल केले, आणि जन्मात पहिल्यांदा परातीत पीठ मळलं. भाकरी दोनदा फाटली, तिसऱ्यांदा करपली. ती तशीच ताटात घालून ते पडवीत आले आणि तिच्यासमोर बसले.

शिवकांतेनं एक घास मोडला. चावला. गिळला.

"आत या जेवायला," कल्याणराव म्हणाले. "चुलीपाशी."

ती उठली नाही. "आज हितंच," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघू." आणि उरलेल्या भाकरीचा अर्धा तुकडा तिनं त्यांच्याकडे सरकवला.