विमानतळावर न धावणारी बाई

सिग्नेच्या ऑफिसात शिरताच आस्गरने ज्या बाईंशी अदबीने हात मिळवला, त्या कॉफीचं मशीन दुरुस्त करायला आल्या होत्या. काळा सूट, उंच टाचा, कानाला फोन. कंपन्यांना संकटातून सोडवणारी बाई म्हणजे हीच, असं वीस वर्षं मालिका लिहिलेल्या माणसाला वाटलं तर त्याचा काय दोष? खरी सिग्ने कोपऱ्यात नुसत्या लोकरी मोज्यांत बसून राय धान्याच्या पावाला लोणी लावत होती.

“मॅडम आहेत का?” त्याने तिलाच विचारलं.

“मीच ती. कोट त्या खुर्चीवर ठेवा. निराशाही तिथेच ठेवा.”

कोपनहेगनच्या एका वाहिनीला, कंपन्यांची अब्रू सांभाळणाऱ्या बाईवर मालिका हवी होती. म्हणून आस्गर सहा आठवडे तिच्या टेबलाशेजारी बसणार होता. पहिल्याच दिवशी तिच्या एका गिऱ्हाईक कंपनीच्या दह्यात प्लॅस्टिकचे तुकडे सापडले. आस्गरने आशेने वही उघडली. सिग्नेने दोन ओळींचं निवेदन लिहिलं, वकिलाला पाठवलं आणि खिडकीबाहेर कालव्यावर पडणारी भुरभुर बघत बसली.

“आता?”

“आता वाट बघायची.”

“मालिकेत ती कॉरिडॉरमधून झपझप चालत बोलते…”

“आमचा कॉरिडॉर पाच पावलांचा आहे. झपझप चाललं की माणूस झेरॉक्स मशीनवर आपटतो.”

“आणि पत्रकाराशी प्रेम?”

“पत्रकार माझा फोनसुद्धा उचलत नाहीत.”

“निदान खोटं तरी बोलत असाल?”

“माझ्या प्रत्येक वाक्याला सहाजणांची मंजुरी लागते. एका खोट्यावर त्यांचं एकमत होईपर्यंत नाताळ उजाडेल.”

वकिलाने ‘दिलगीर’ खोडून ‘चिंतित’ केलं. कारखान्याच्या साहेबांना ‘चिंतित’ झेपेना. पाचव्या दिवशी निवेदन निघालं, तेव्हा सगळे पत्रकार सायकलवरून पडलेल्या एका मंत्र्यामागे गेले होते.

मग दुसरं गिऱ्हाईक, मग तिसरं. दोघं शेजारी बसून वाट बघत राहिले. आस्गर येताना दालचिनीचा एक पाव आणायचा, वहीत डोकं खुपसून तो मोडायचा आणि मोठा तुकडा न बघता तिच्याकडे सरकवायचा. सिग्ने मात्र बघायची. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या वतीने दिलगीर होता होता तिला स्वतःला काही वाटायचं राहूनच गेलं होतं. हल्ली जिन्यात त्याची पावलं वाजली, की ती आपले दोन्ही मोजे एकाच जोडीतले आहेत ना, एवढं पाहून घ्यायची.

शेवटच्या दिवशी त्याची बॅग दाराशी होती. संध्याकाळच्या गाडीने तो आरहूसला, आपल्या घरी परत जाणार होता. त्याआधी वाहिनीला शेवटचा प्रसंग हवा होता.

“नायिकेचा माणूस कायमचा निघालाय,” आस्गर म्हणाला. “वाहिनीचं म्हणणं, तिने विमानतळावर धावत जावं.”

“नाही धावणार. तिचा गुडघा दुखतो.”

“मग… जाऊ देईल त्याला?”

सिग्नेच्या मनात सवयीने चार मसुदे तयार झाले. चारही जपून लिहिलेले, चारही निरुपयोगी.

“बसल्या जागेवरून म्हणेल… मी फार दमलेय. पण तू शेजारी असलास, की दमल्याचं ओझं वाटत नाही. जाऊ नकोस.”

आस्गर भराभर लिहीत होता. “छान आहे. फक्त ‘ओझं’ म्हणेल ती, की ‘त्रास’?”

“पेन्सिल खाली ठेव, आस्गर. मी मालिकेचं बोलत नाहीये.”

त्याने पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली, तरी दोघांपैकी कुणी ती अडवली नाही. मग त्याने फोन लावला आणि शेवटचा प्रसंग मिळणार नाही, असं वाहिनीला कळवलं.

“का? लिहून झाला नाही?” पलीकडून विचारणा झाली.

“झाला,” सिग्नेकडे बघत आस्गर म्हणाला, “पण तो खासगी आहे.”